राजीखुशीचा अंगठा

तहसीलीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. यवतमाळ जिल्हा, तालुक्याचं नाव सांगत नाही, सांगून काही फरक पण पडत नाही कारण आपल्या विदर्भात जिथं तहसील तिथं समोर एक झेरॉक्स, बाजूला चहाची टपरी आणि मधात कुठंतरी लिंबाखाली टेबल टाकून बसलेला अर्जनवीस, हे असतंच. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानची केवायसी, पीकविमा, सगळं माझ्या हातून जातं. एवढे कागद पाहिले की एक सवय लागते, कागद हातात आला की त्यात कोणाचा फायदा आहे हे मजकूर वाचायच्या आधीच दिसते.

दिवाळी झाली की पुढचे पंधरा दिवस एक कागद फार येतो, हक्कसोड पत्र. बहिणी भाऊबीजेला माहेरी आलेल्या असतात, सोयाबीन निघालेलं असते, पहिला कापूस घरात आलेला असतो, आणि भाऊ म्हणतो की सगळ्या जमल्याच आहा तर ते काम उरकून टाकू. मग एका गाडीत तीन-चार बहिणी, नव्या साड्यांमध्ये, डब्यात अजून चिवडा, आणि माझ्या दुकानासमोर गाडी लागते. आधार कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स, फोटो, झालं. सात-आठ एकराची चार हिश्शांची गोष्ट वीस रुपयांच्या झेरॉक्समध्ये संपते, वरतून स्टॅम्प. वडिलोपार्जित जमिनीत बहिणीनं भावाला मोबदला न घेता हक्क सोडला तर त्या दस्ताला कित्येक वर्षं फक्त 200 रुपयांचा स्टॅम्प लागायचा. सरकारनं म्हणे कुटुंबातल्या कुटुंबात सोपं जावं म्हणून ठेवलं होतं, आणि सोपं गेलंच, फक्त कोणाला ते विचारू नका.

आता यात लीला सेठ नावाच्या एक न्यायाधीश बाई कुठून आल्या ते सांगते. अमरावतीला एलएलबी करणारी आमच्या गावची एक पोरगी सुट्टीत नोट्सच्या झेरॉक्स काढायला येते, दोन-अडीचशे पानं असतात, मशीन गरम होते, मग थांबा लागते, तेवढ्यात मी वाचून काढते. त्यात एक पान होतं, "पहिल्या महिला" असं वर लिहिलेलं, परीक्षेसाठी पाठ करायची यादी. लीला सेठ, दिल्ली हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश 1978, हिमाचल प्रदेश हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीश 1991, देशातल्या कोणत्याही हायकोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. खाली रेघ मारून दोन स्टार. मी म्हटलं, हे सोड, बाईनं केलं काय? तिला सांगता येईना, पोरीचा दोष नाही, आपल्याकडे बाई पहिली झाली की तिचा हार घातलेला फोटो छापतात आणि विषय बंद.

मग मीच मोबाईलवर शोधत बसली, महिनाभर, गिऱ्हाईक नसलं की.

1930 चा जन्म, लखनौचा. लहानपणीच वडील वारले. लग्नानंतर नवऱ्याची नोकरी बाटा कंपनीत, त्याच्यासोबत लंडनला गेल्या, घरात लहान पोरं, आणि वकिलीचा अभ्यास निवडला त्यातलं एक कारण म्हणजे तिथं हजेरीची कटकट कमी होती, पोरं सांभाळून जमण्यासारखं होतं. (हे वाचून मला हसू आलं, आपण बाया कोणतंही मोठं काम याच हिशोबानं निवडतो, कशात वेळ काढता येईल.) 1958 मध्ये लंडनच्या बार परीक्षेत पहिल्या आल्या, तिथं पहिली येणारी ती पहिली बाई, कडेवर काही महिन्यांचं लेकरू. तिथल्या एका पेपरनं तिचा लेकरासोबतचा फोटो छापून खाली लिहिलं "मदर-इन-लॉ". कायद्यातली आई, आणि सासू पण. पेपरवाले सगळीकडे सारखेच.

इकडे येऊन पाटण्याला दहा वर्षं वकिली, मग कलकत्ता, मग दिल्ली. इन्कम टॅक्स, सेल्स टॅक्स, कंपनी, दिवाणी, सगळ्या प्रकारच्या केसेस चालवल्या, म्हणजे बायांचीच प्रकरणं घेणारी वकीलबाई अशी पाटी लागू दिली नाही. 1978 ला दिल्ली हायकोर्ट, 1991 ला शिमला, 1992 ला रिटायर. आणि माझ्या मते खरं काम तिथून पुढचं, जेव्हा अंगावर काळा कोट नव्हता आणि कोणी "माय लॉर्ड" म्हणत नव्हतं.

1997 ते 2000 त्या पंधराव्या विधी आयोगाच्या, म्हणजे कायद्यात काय बदलायचं ते सरकारला सुचवणाऱ्या आयोगाच्या, सदस्य होत्या. दुसऱ्या चौकशी आयोगांवर पण त्या होत्या, आपण रविवारी दुपारी लाईट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडून जी शक्तिमान मालिका पाहायचो, तिचा लहान पोरांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करणाऱ्या आयोगावर पण याच बाई होत्या. आणि त्या विधी आयोगानं मे 2000 मध्ये 174 क्रमांकाचा रिपोर्ट दिला, हिंदू कायद्यात बायांचे मालमत्तेचे हक्क. माझ्यासारखीचा त्या रिपोर्टशी काय संबंध, असं मला पण वाटलं होतं.

संबंध असा. माझं लग्न 1992 चं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये, 22 जूनपासून, आपल्यापुरता कायदा बदलला की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी पण मुलासारखीच जन्मानं वाटेकरी. फार मोठी गोष्ट होती, देशात त्याआधी तसं करणारी राज्यं बोटावर मोजण्यासारखी. पण त्यात एक ओळ होती, ज्यांचं लग्न आधीच झालं त्यांना हे लागू नाही. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला लागू, तिचं लग्न 1996 ला, आणि मी दोन वर्षांसाठी बाहेर. एकाच मायच्या पोटच्या दोघी. आता गंमत पाहा, 2000 च्या रिपोर्टमध्ये विधी आयोगानं मुलींना वाटेकरी करा अशी शिफारस केली ती सगळ्या देशासाठी, पण ती लग्नाची रेघ तशीच ठेवली, आधी लग्न झालेल्या बाहेर. म्हणजे लीला सेठ ज्या आयोगात होत्या त्यानं पण मला बाहेरच ठेवलं होतं. मी हे मुद्दाम लिहून राहिली कारण थोर बाईवर लिहायचं म्हणजे आरती ओवाळायची असं नाही. ती रेघ शेवटी संसदेनं पुसली. 9 सप्टेंबर 2005 पासून लग्न कधी झालं, झालं की नाही, काही पाहायचं नाही, मुलगी म्हणजे वाटेकरी. पण तो रिपोर्ट टेबलावर नसता तर पुसायला रेघ तरी कुठं होती. नंतर 2020 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा प्रकरणात शेवटचा वाद पण मिटवला की 2005 ला बाप जिवंत असो नसो, पोरीचा हक्क जन्मापासूनचा.

म्हणजे 1956 चा मूळ हिंदू वारसा कायदा, 1994, 2000, 2005, 2020. चौसष्ट वर्षं. आणि ही सगळी चौसष्ट वर्षं दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या खिडकीवर चार मिनिटांत खलास होतात.

माझीच सांगते. वडील 2010 ला गेले. दहा एकर वावर, माय, दोन भाऊ, आम्ही दोघी बहिणी. पाच वारस, साधा हिशोब, दोन-दोन एकर. पण हा हिशोब मला 2011 मध्ये माहीत नव्हता! तहसीलीसमोर बसून रोज दुसऱ्यांचे सातबारे काढणाऱ्या बाईला स्वतःचा हिस्सा किती हे माहीत नव्हतं, विचारलंच नव्हतं कोणाला, विचारायचं असते हेच डोक्यात आलं नाही. मोठा भाऊ आला, म्हणे, "ताई, बाबाच्या नावाचा फेरफार करा लागते, तुमच्या दोघींच्या सह्या पाहिजे." मी माझ्याच मशीनवर माझ्याच आधारची, नाही तेव्हा आधार नवीन होतं, मतदान कार्डाची झेरॉक्स काढली. पैसे पण घेतले नाही त्याच्याकडून.

आत गेलो. कॉम्प्युटरवरचा पोरगा वर न पाहता म्हणाला, कॅमेऱ्याकडं पाहा. फोटो निघाला. अंगठा त्या लाल दिव्याच्या मशीनवर ठेवला, पहिल्यांदा उमटला नाही, कागद हाताळून हाताळून माझ्या अंगठ्याच्या रेषा गेल्या आहेत, मग पदरानं पुसून परत ठेवला. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं देता ना बाई?" आणि माझ्या आधी माझ्या मागून भाऊ बोलला, "हाव साहेब, राजीखुशीनंच देऊन रायली." साहेबांनी मान हलवली. मी काही बोलली नाही. नाही पण म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. मायनं पण अंगठा दिला, तिला तर वाटलं की निराधारच्या पगाराचा फॉर्म आहे. बाहेर येऊन भावानं सगळ्यांना भजे खाऊ घातले आणि संध्याकाळी आम्हा दोघींना एक-एक साडी, माझी मोरपंखी.

वाईट माणूस नाही तो. हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटन की खलनायक आहे. त्याच्यावर तेव्हा सोसायटीचं कर्ज होतं, दोन वर्षं कपाशी गेली होती, आणि बहिणीनं सही करायची असते हे त्याला बापानं, बापाला आज्यानं शिकवलं.

आता मला जे म्हणायचं आहे ते इथून सुरू होते, आणि त्यासाठी तुम्हाला थोडं गडचिरोलीकडं यावं लागते.

1972 मध्ये, मी जन्मली त्याच वर्षी, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी पोरीवर दोन पोलिसांनी केलेल्या लैंगिक अत्याचाराची केस झाली. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्या पोरीच्या नावानं ती केस देशभर ओळखली जाते, मी नाव लिहीत नाही, गाव पुरेसं आहे. 1974 ला सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठानं 1976 मध्ये तो निकाल फिरवला आणि शिक्षा दिली, तिथल्या न्यायमूर्तींनी लिहिलं होतं की दबून गप्प राहणं वेगळं आणि संमती वेगळी. ही गोष्ट नागपुरात 1976 मध्ये कळली होती बरं का! पण सप्टेंबर 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पुसून टाकलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नाही, म्हणजे राजी. पोलीस सुटले. त्याच 1978 मध्ये दोन महिने आधी लीला सेठ दिल्ली हायकोर्टात न्यायाधीश झाल्या होत्या, आणि आपल्या मुंबई हायकोर्टाला पण पहिल्या महिला न्यायाधीश त्याच वर्षी मिळाल्या, सुजाता मनोहर. एकीकडं दारं उघडत होती आणि दुसरीकडं हा निकाल.

1979 ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, वसुधा धागमवार, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. गप्प राहणं म्हणजे संमती कशी, हा प्रश्न. त्यातून देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कस्टडीत असलेली बाई कोर्टात सांगते की माझी संमती नव्हती, तर कोर्ट तेच खरं धरून चालेल, उलटं सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर. का, तर ठाण्यात पोलीस आणि ती पोरगी यांच्यात बरोबरी नाहीच, तिथल्या "हो" ला काय अर्थ.

मग 2012 चा डिसेंबर, दिल्लीतलं निर्भया प्रकरण. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांची समिती बसली. बाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. लोकांकडून ऐंशी हजारच्या जवळपास सूचना आल्या आणि 29 दिवसांत रिपोर्ट दिला, 23 जानेवारी 2013. आपल्याकडं फेरफाराची नोटीस निघायला यापेक्षा जास्त दिवस लागतात. नवऱ्यानं केलेला बलात्कार हा पण गुन्हा धरा असं त्यांनी सांगितलं होतं, ते सरकारनं घेतलं नाही. पण 2013 च्या दुरुस्तीत संमतीची व्याख्या कायद्यात आली. संमती म्हणजे स्पष्ट, स्वतःहून दिलेला होकार, बाईनं अंगानं विरोध केला नाही एवढ्यावरून ती राजी होती असं धरायचं नाही. देसाईगंजच्या ठाण्यातून निघालेली गोष्ट एकेचाळीस वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात पोचली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. एकाच बाईचा हात दोन कामांना लागला. एक, पोरीला वावरात हिस्सा. दुसरं, गप्प राहणं म्हणजे होकार नाही. पण ही दोन कामं एकमेकांना भेटलीच नाहीत. फौजदारी कायदा शिकला, मालमत्तेच्या खिडकीवर अजून 1978 चालू आहे. आरडाओरडा नाही, जखम नाही, अंगठा आहे, म्हणजे राजीखुशी.

लगेच कोणी म्हणन, ताई कुठली गोष्ट कुठं जोडली, भाऊ म्हणजे काय पोलीस आहे का. नाही. मी गुन्ह्याची बरोबरी करून राहिली नाही, मी खिडकीवर उभ्या असलेल्या बाईची गोष्ट करून राहिली. मागं भाऊ उभा, बाजूला वहिनी, घरी माय त्याच्याच जिवावर, उद्या नवऱ्याशी बिनसलं तर परत यायला एकच दार, ते पण त्याचंच. अशा वेळी तिला विचारता राजीखुशी का! आमच्या वऱ्हाडातली बाई काय म्हणते ते मी रोज ऐकते, "दोन एकर घेऊन काय करू व, माहेर तुटीन ना." हा होकार आहे का? हा भाव आहे. माहेरचा भाव दोन एकर. आणि हा भाव फक्त बहिणीला लागतो, दोन भाऊ वेगळे निघतात तेव्हा कोणी म्हणत नाही की हिस्सा घेतला तर भाऊपण तुटीन. धुऱ्यावरून डोकी फुटतात, कोर्टकचेऱ्या होतात, पण हिस्सा कोणी सोडत नाही.

दुसरं नेहमीचं, पोरीच्या लग्नात दोन एकर विकलं, तोच तिचा हिस्सा झाला. हा मुद्दा मला थोडा पटतो पण, खोटं कशाला बोलू, आमच्याकडं लग्नापायी वावरं गेली आहेत. पण ते पैसे गेले कुठं? मंडप, जेवणावळ, आंदण आणि हुंडा, म्हणजे तिच्या सासऱ्याच्या खिशात. त्यातला एक रुपया तिच्या नावावर बँकेत आहे का? ज्याच्या हातात गेला त्याला मागा. आणि पोराच्या शिक्षणाला, डोनेशनला, त्याच्या मोटरसायकलला जे विकलं ते कोणी त्याच्या हिश्शातून कापलेलं मी तरी अजून पाहिलं नाही.

तिसरं, जमिनीचे तुकडे होतात. आधीच अडीच-तीन एकर, त्यात पोरींना दिलं तर काय उरन. हे म्हणणारे लोक सगळ्यात शहाणे असतात, शेतीचं अर्थशास्त्र सांगतात. बरं, तीन भावांत तीन तुकडे होतात तेव्हा हे अर्थशास्त्र कुठं चरायला जाते? आणि नाव लागणं म्हणजे वावर कापून नेणं थोडंच आहे, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहू द्या, वाही भाऊ करो, बटईनं करो, विकायची वेळ आली तर तिला विचारा लागन, एवढंच. तेवढं विचारणंच नको असते.

चौथं मात्र मला कोणी विचारत नाही, मीच विचारते. सासरी तिला मिळते म्हणून माहेरी नको, तर सासरी मिळते कुठं? देशात 2015-16 च्या कृषी गणनेत बाईच्या नावानं असलेली वहिती खाती सुमारे 14 टक्के होती. निंदण, वेचणी, खत टाकणं, हे कोण करते ते सकाळी सात वाजता कोणत्याही गावच्या रस्त्यावर उभं राहून पाहा. आमच्या जिल्ह्यात ज्या घरी नवऱ्यानं फास घेतला किंवा औषध घेतलं त्या घरची बाई माझ्याकडं येते तेव्हा सातबारा सासऱ्याच्या नावानं असतो. मग पीककर्ज नाही, पीएम किसानचे सहा हजार नाही, विमा नाही, आत्महत्येच्या मदतीचे एक लाख मिळाले तर त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार बँकेत ठेव, बस. तिनं पाच-दहा वर्षं आधी माहेरी हक्कसोड दिलेलं असते. दोन्ही सातबाऱ्यांवरून नाव गायब. शेतकरी संघटनेनं 1990 च्या आसपास लक्ष्मी मुक्ती चालवली होती, नवऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावानं वावर करायचं, आमच्या भागातल्या किती गावांत तेव्हा पुरुषांनी हौसेनं केलं. म्हणजे आपल्या मातीला हे परकं नाही, दिल्लीवरून कोणी आणून लादलेलं नाही.

काही लोकांना वाटते की बायका न्यायाधीश झाल्या की सगळं आपोआप होईन. मला नाही वाटत. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठातून निकाल आला की लहान पोरीला कपड्यावरून हात लावला, कातडीला कातडी लागली नाही, तर पॉक्सोतला, म्हणजे लहान पोरांच्या संरक्षणाच्या कायद्यातला, लैंगिक अत्याचार होत नाही. तो निकाल एका महिला न्यायमूर्तींचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला आणि त्या रद्द करणाऱ्या निकालाचा मुख्य भाग पण महिला न्यायमूर्तींनी लिहिला, बेला त्रिवेदी. म्हणजे खुर्चीवर बाई आहे यानं अर्धंच काम होते, ती खिडकीवरच्या बाईच्या जागी उभी राहून पाहते का, हे उरलेलं अर्धं.

आणि एक गोष्ट राहूनच जाते. हा जो सगळा हिंदू वारसा कायदा आहे तो आदिवासींना लागूच नाही, कलम 2 मध्ये तसं लिहून ठेवलं आहे. आमच्या केळापूर, झरी भागातल्या गोंड, कोलाम बायांना 2005 चा काहीच उपयोग नाही. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राला यावर विचार करा म्हटलं, जुलै 2025 मध्ये एका निकालात आदिवासी बाईच्या वारसांना हिस्सा द्या असं पण सांगितलं. तिथं तर हक्कसोड पत्राची पण गरज पडत नाही, सोडायला आधी हक्क पाहिजे.

तर काय करावं? मी वकील नाही, खिडकीसमोर बसणारी बाई आहे, तिथून जे दिसते ते सांगते. एक तर हक्कसोड देणाऱ्या बहिणीला साहेबांनी आत एकटीला बोलवावं, भाऊ, वहिनी, नवरा, सगळे बाहेर, आणि तिला तिच्या बोलीत विचारावं की तुझा हिस्सा किती एकर येते हे तुला माहीत आहे का. दुसरं, त्या दस्तात हिस्सा लिहिलेलाच नसतो, "माझा अविभक्त हिस्सा" एवढंच असते, तिथं एकर-गुंठे आणि रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराप्रमाणे, रुपये लिहिणं सक्तीचं करा, मग पाहा कितीजणी पेन खाली ठेवतात. बाप गेल्यावर आधी सगळ्या वारसांची नावं चढू द्या, मंडळ अधिकाऱ्याची सही होऊ द्या, आणि वर्षभर तरी हक्कसोड घेऊच नका, तेराव्याचे केस वाढायच्या आत सह्या होतात आमच्याकडं. आणि नंतर कोणी बहीण म्हणाली की मी राजीखुशीनं दिलं नव्हतं, तर तिनं नाही, भावानं सिद्ध करावं की ती समजून-उमजून राजी होती. हे काही मी नवीन काढलं नाही, इंग्रजांच्या काळापासून कोर्टं पडदानशीन बायांबद्दल हेच म्हणत आली, की जिला वाचता येत नाही, जी घराबाहेर पडत नाही, तिच्या सहीचा फायदा ज्याला झाला त्यानंच दाखवावं की तिला समजलं होतं. फक्त आपल्या बहिणी वेचणीला जातात, बसनं फिरतात, मोबाईल वापरतात, म्हणून त्यांना पडदा नाही असं धरतात. आज अशा बाईला तीन वर्षांच्या आत दिवाणी कोर्टात जाऊन आपल्यावर दबाव होता हे सिद्ध करा लागते, भावाच्या विरोधात, भावाच्याच गावात साक्षीदार शोधून. माझी तीन वर्षं 2014 लाच संपली, आणि खरं सांगू, संपली नसती तरी मी गेली नसती. मोरपंखी साडी अजून पेटीत आहे, दोनदा नेसली असन.

कोणी म्हणन की असं केलं तर खरोखर प्रेमानं देणाऱ्या बहिणीला पण त्रास. होऊ द्या की थोडा. जी खरी राजी आहे तिला दहा मिनिटं एकटीनं बसून "हाव, मले माहीत आहे दोन एकर आहे, तरी देतो" म्हणायला काय जाते? भाऊ पण उजळ माथ्यानं सांगेन की माझ्या बहिणीनं दोन एकर दिलं. आता तर तो पण म्हणतो, सही केली. दिलं म्हणतच नाही.

यंदा दिवाळीनंतर एक गाडी आली. चार बहिणी, भाऊ खर्रा घोटत गाडीजवळ उभा. तिघींच्या झेरॉक्स झाल्या. सगळ्यात धाकटी, पंचवीसची असन, तिनं दस्त हातात घेऊन वाचायला सुरुवात केली, उभ्याउभ्या, काउंटरवर कोपर टेकवून. मग मला विचारलं, "काकू, याच्यात माझा हिस्सा किती ते कुठं लिहिलं आहे?" मी म्हटलं लिहिलेलं नसते. ती म्हणाली, मग सातबारा काढून द्या, गट नंबर सांगतो. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, काढून दिला. बाहेरून भावानं हॉर्न वाजवला. मोठ्या बहिणीनं हळूच तिचा पदर ओढला, "चाल ना व, कायले उगाच." तिनं कागद सरळ केला, म्हणे, हे हेक्टर-आर मध्ये आहे, एकर कसं करायचं. मी म्हटलं अडीचनं गुण, आणि मग तुम्ही जेवढे वारस आहा त्यानं भाग. दुसरा हॉर्न वाजला. मी तिच्यासमोर कॅल्क्युलेटर सरकवला.